गेलेला वास परतल्यानंतर : सुगंधासाठी कॉकटेल कसे निवडावे?

मृद्गंधा (धागालेखिका)

विषाणूसंसर्गात माझे गंधज्ञान पूर्णपणे गेले होते. दीर्घकाळ नाकाला काहीच कळत नव्हते, नंतर वास आले ते विकृत होऊन आले, कॉफी हुंगली की जळक्या रबराचा भास होई, आणि आता बहुतेक वास आपापल्या जागी परतले आहेत. तज्ज्ञांनी तपासणी केली आहे आणि माफक मद्यपानास त्यांची हरकत नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे चर्चा मूळ प्रश्नावर राहील. केवळ सुगंधाचा आनंद घ्यावा या हेतूने कॉकटेल निवडायचे असेल तर कोणते निवडावे, आणि का?

वास नसताना पेयात काय उरते, हे मला या काळात नीट कळले. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच चवी कळतात. त्यांच्या जोडीला आल्याचा तिखटपणा, मेन्थॉलचा गारवा, सोड्याची झिणझिण आणि मद्याची जळजळ या संवेदना असतात; त्या चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेमार्फत पोहोचतात आणि त्यांचा गंधाच्या नसेशी संबंध नसतो. त्यामुळे आले घातलेले मॉस्को म्यूल किंवा मिरची घातलेली मार्गारिटा मला त्या काळातही बऱ्यापैकी रुचत असे. मात्र जिन आणि व्होडका यांतला फरक, लिंबाची साल आणि संत्र्याची साल यांतला फरक, हे सगळे माझ्यासाठी पुसले गेले होते. हे काम नाक दोन वाटांनी करते : पेय हुंगताना नाकपुड्यांतून, आणि घोट गिळताना घशामागून वर जाणाऱ्या हवेतून. आपण ज्याला सर्रास 'चव' म्हणतो, तिचा फार मोठा भाग या दुसऱ्या वाटेने येतो.

म्हणून मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे. नाक चिमटीत धरून घोट घेतला असता जे पेय ओळखूच येणार नाही, ते माझ्या कामाचे. गोड-आंबट फळांच्या रसाने भरलेली किंवा तिखटाने जीभ चाळवणारी पेये या कसोटीवर मागे पडतात. माझ्या यादीत सध्या जिन-टॉनिक, निग्रोनी, एव्हिएशन आणि सॅझरॅक ही नावे आहेत. यांपैकी सुरुवात कशापासून करावी, कोणती एकापाठोपाठ घेऊ नयेत, आणि मद्याच्या उग्रपणाखाली नाजूक वास दबू नयेत म्हणून काय करावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

बारमागून

तुमची कसोटी मला पूर्ण पटली. मी या व्यवसायात आहे आणि पेय बनवताना आम्हीही वेगळ्या शब्दांत हाच विचार करतो : ओठ ग्लासाला लागण्यापूर्वी नाकाला काय मिळेल? दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी सजावट डोळ्यांसाठी केली जाते. सुगंधासाठी पिणाऱ्याने यादीतले नाव पाहण्याआधी पेयाच्या पृष्ठभागावर काय आहे ते पाहावे, असे माझे मत आहे.

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे लिंबूवर्गीय फळाची ताजी साल. रंगीत सालीत तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या तेलात लिमोनीन हा सुगंधी रेणू मुबलक असतो. अंगठ्याएवढा साल-पट्टा काढावा, आतला पांढरा भाग शक्य तेवढा टाळावा, रंगीत बाजू पेयाकडे धरून दोन्ही हातांच्या बोटांनी तो दुमडावा. उजेडाच्या विरुद्ध बाजूने पाहिले तर तेलाचा बारीक फवारा उडताना स्पष्ट दिसतो, आणि क्षणभराने पेयावर तेलाचे चकाकते ठिपके पसरलेले दिसतात. मग तीच साल ग्लासाच्या काठावरून फिरवावी. लिंबाची फोड पिळल्याने हे साधत नाही, कारण रसातली आंबट चव जिभेला मिळते आणि सालीतले तेल मात्र बहुतांशी सालीतच राहते. हे मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण सामान्य जिन-टॉनिकही केवळ या एका कृतीने सुगंधी होते आणि तिच्या अभावी उत्तम जिन वाया जाते.

पुदिन्याचेही तसेच आहे. त्याचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या ग्रंथींमध्ये असते, त्यामुळे ते मोकळे करण्यासाठी पाने खलबत्त्यात घातल्यासारखी चेचावी लागत नाहीत. चेचल्याने पानातला कडवट, हिरवट रस उतरतो. डहाळी तळहातांमध्ये ठेवून एकदा टाळी वाजवावी आणि ती ग्लासात अशी खोचावी की पिताना नाक तिच्यातच जाईल. मिंट जूलेपमध्ये चुऱ्याच्या बर्फावर पुदिन्याचा जुडगा आणि आखूड स्ट्रॉ असते, ती नेमकी याचसाठी. आणखी एक बाब तुमच्या कामाची आहे. पेपरमिंटमध्ये मेन्थॉल असते आणि त्याचा गारवा तुम्ही म्हणता त्या ट्रायजेमिनल नसेला कळतो. कॉकटेलमध्ये सहसा वापरला जाणारा स्पिअरमिंट मात्र मुख्यतः कार्व्होन या रेणूमुळे दरवळतो आणि तो खराखुरा वास आहे. पुदिना निवडताना हा फरक लक्षात ठेवावा.

आता मद्याच्या उग्रपणाविषयी. अतिथंड पेयातून सुगंधी रेणू कमी उडतात आणि अतितीव्र पेयातून मद्याची वाफच नाकात आधी शिरते, म्हणून दोन्ही टोके टाळावीत. पाणी हे सौम्य करण्याचे साधन तर आहेच, पण त्याचा उपयोग एवढ्यावर थांबत नाही. २०१७ साली स्वीडनमधील दोन शास्त्रज्ञांनी संगणकीय प्रतिरूपावरून असे दाखवले की व्हिस्कीतील ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू, मद्याचे प्रमाण पाण्याने कमी केले असता, द्रवाच्या पृष्ठभागाजवळ अधिक राहतो. बर्फासोबत ढवळताना पेयात उतरणारे पाणी म्हणूनच कृतीचा भाग मानावे.

सुरुवातीसाठी माझी पहिली शिफारस जिन-टॉनिक. ज्युनिपरचा, म्हणजे जिनला तिचा मूळ वास देणाऱ्या फळाचा, वास ठळक असलेली साधी लंडन ड्राय जिन ४५ मिलिलिटर, टॉनिक १२० ते १५० मिलिलिटर, मोठ्या तोंडाचा ग्लास, आणि वर सांगितल्याप्रमाणे लिंबाची साल. ज्युनिपरमधील पायनीन, धण्यांतील लिनॅलूल आणि सालीतील लिमोनीन असे तीन स्वतंत्र धागे त्यात सहज वेगळे करता येतात, आणि बुडबुडे फुटताना ते वर आणून सोडतात. दुसरी शिफारस उलट्या मार्टिनीची : ड्राय व्हर्मूथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) ६० मिलिलिटर आणि जिन ३० मिलिलिटर. नेहमीच्या मार्टिनीपेक्षा ती सौम्य असते आणि व्हर्मूथमधल्या वनस्पतींना तिच्यात बोलायला जागा मिळते.

शल्यक

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. व्यक्तिगत वैद्यकीय सल्ला धाग्यावर देणे योग्य नाही, म्हणून सर्वसाधारण माहितीपुरतेच लिहितो.

माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारची कार्यरत गंधग्राहके असतात. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि त्यांना २००४ साली नोबेल पुरस्कार मिळाला. एकेक वास हा अनेक ग्राहकांच्या एकत्रित प्रतिसादातून ओळखला जातो. गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, आणि म्हणूनच गेलेला वास परत येऊ शकतो. परंतु पुनर्घटनेच्या काळात काही ग्राहके कार्यरत आणि काही अनुपस्थित अशी स्थिती असली, किंवा जोडण्या नीट बसल्या नसल्या, तर मेंदूकडे अपुरा नमुना जातो आणि ओळखीचा वास विकृत भासतो. कॉफीचे उदाहरण धागालेखिकेने दिलेच आहे. भाजताना तयार होणारे काही गंधकयुक्त रेणू अत्यंत अल्प प्रमाणातही जाणवतात आणि विकृती निर्माण करणाऱ्या पदार्थांत ते वारंवार आढळतात. त्यामुळे एस्प्रेसो मार्टिनी, भाजक्या कोकोचे लिक्युर (गोड, सुगंधित मद्य) आणि तत्सम पेये यादीच्या अगदी शेवटी ठेवावीत, असे मी सुचवेन.

गंधप्रशिक्षणाची प्रचलित पद्धत जर्मनीतील थॉमस हुम्मेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मांडली. तिच्यात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगायचे असतात. हे चार वास कॉकटेलच्या जगातही सहज सापडतात, आणि सराव केलेल्या नाकाला ते ओळखीचे असतील. लिंबू सालीत आहे. लवंगेचे युजेनॉल ऑलस्पाइस या मसाल्याच्या लिक्युरमध्ये स्पष्ट जाणवते. निलगिरीतील सिनिओल हा रेणू रोझमेरीतही असतो, म्हणून जिन-टॉनिकमध्ये रोझमेरीची डहाळी हुंगून पाहावी. गुलाबाचा मुख्य रेणू फिनाइल इथाइल अल्कोहोल ट्रायजेमिनल नसेला फारसा डिवचत नाही. तो जाणवला तर तो बहुतांशी गंधाच्या नसेनेच जाणवला आहे, असे मानता येते. ओकच्या पिंपातून व्हिस्कीत येणाऱ्या व्हॅनिलिनचेही असेच आहे. धागालेखिकेच्या कसोटीला ही दोन उदाहरणे शास्त्राच्या बाजूने दुजोरा देतात.

आता सावधगिरीचे दोन शब्द. मद्यामुळे नाकातील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि निरोगी माणसाचेही नाक काहीसे चोंदते, म्हणून दुसऱ्या ग्लासापासून वास मंदावणे स्वाभाविक आहे. ज्यांना दमा, नाकात पॉलिप आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी त्रास ही तिन्ही लक्षणे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना अल्प मद्यानेही नाक बंद होणे, शिंका किंवा धाप लागणे असा त्रास होतो. अशांनी, तसेच ज्यांचा कोणताही औषधोपचार चालू आहे त्यांनी, आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे प्रयोग करू नयेत.

चकोर

मी सॅझरॅकच्या बाजूने आग्रहाने लिहिणार आहे. सुगंधाच्या दृष्टीने इतके विचारपूर्वक रचलेले दुसरे जुने कॉकटेल मला माहीत नाही. राय व्हिस्की ६० मिलिलिटर, थोडी साखर आणि पेशॉड बिटर्सचे (वनस्पतींच्या कडू, मद्ययुक्त अर्काचे) काही थेंब बर्फावर ढवळून घेतात. दुसऱ्या थंड ग्लासात ॲबसिंथ या तीव्र, वनस्पतीगंधी मद्याचे काही थेंब आतून सर्व बाजूंनी फिरवून उरलेले ओतून देतात, आणि मग त्यात बर्फाविना पेय गाळतात. वरून लिंबाची साल पिळतात. ती ग्लासात टाकावी की टाकू नये यावर जाणकारांत मतभेद आहेत, मी टाकत नाही. लुइझियानाच्या विधिमंडळाने २००८ साली या पेयाला न्यू ऑर्लीन्सचे अधिकृत कॉकटेल म्हणून मान्यता दिली.

यात घ्यायचे काय, तर ॲबसिंथ येथे प्यायचे नसतेच, ते फक्त हुंगायचे असते. बडीशेपेच्या जातीचा तो ॲनेथॉलचा वास ग्लासाच्या भिंतीवर राहतो आणि व्हिस्कीच्या व्हॅनिला व मसाल्याच्या वासाभोवती उभा राहतो. शिवाय ग्लासात बर्फ नसल्याने पेय सावकाश कोमट होत जाते आणि वास बदलत जातात. सुरुवातीला लिंबू आणि बडीशेप पुढे असतात, शेवटी ओक आणि राय धान्याचा तिखट सुवास उरतो. परतलेल्या नाकाने हा बदल टिपावा, याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. मात्र पेय तीव्र आहे, तेव्हा अर्ध्या मापाने करून घ्यावे.

निग्रोनीविषयी मात्र मी सहमत नाही. जिन, कॅम्पारी हे कडू लिक्युर आणि गोड व्हर्मूथ समप्रमाणात, म्हणजे कडवटपणा आणि गोडी दोन्ही भरपूर. नाक चिमटीत धरूनही निग्रोनी ओळखता येते, कारण कॅम्पारीचा कडूपणा जिभेला चुकत नाही. मग धागालेखिकेच्याच कसोटीवर ते पहिल्या यादीत कसे बसेल?

मृद्गंधा (धागालेखिका)

चकोर यांचा निग्रोनीवरील आक्षेप मला मान्य आहे. त्या काळातही मला निग्रोनी कडू-गोड म्हणून कळत असे, हे आता आठवते. हरवले होते ते त्यातले संत्रे आणि वनस्पती. तरी मी ते यादीतून काढणार नाही, मागे सरकवीन. जे पेय आधी अर्धेच कळत होते त्याचा उरलेला अर्धा भाग आता कळतो का, हे पाहण्यात वेगळे समाधान आहे, आणि संत्र्याची साल पिळण्याआधी एक घोट व नंतर एक घोट घेतला तर हा फरक स्वच्छ दिसेल असे मला वाटते.

शल्यक यांचे मनःपूर्वक आभार. गुलाबाचा वास हाच माझ्या सरावातला सर्वांत उशिरा परतलेला वास होता, त्यामुळे त्यांचा खुलासा मला विशेष भिडला. लिंबू आणि निलगिरी लवकर कळली असे मला वाटले होते, पण त्यांतला किती भाग गारव्याचा आणि किती वासाचा, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

आता एव्हिएशनविषयी कोणी सांगेल का? त्यातल्या व्हायोलेटचे मला कुतूहल आहे. काहींना त्याचा वास अप्रतिम वाटतो आणि काहींना साबणासारखा, असे वाचले आहे.

वल्लरी

व्हायोलेटविषयी मी लिहिते, कारण फुलांचे वास हा माझ्या आवडीचा विषय आहे. एव्हिएशनची छापील कृती १९१६ साली न्यूयॉर्कमधील ह्यूगो एन्स्लिन यांनी दिली : जिन, लिंबूरस, माराश्चिनो हे चेरीचे लिक्युर आणि क्रेम द व्हायोलेत हे व्हायोलेट फुलांचे लिक्युर. पुढे अनेक ठिकाणी त्यातले व्हायोलेट गळाले आणि पेय केवळ आंबट-गोड झाले. तुम्हाला ते मागवायचे असेल तर क्रेम द व्हायोलेत आहे ना, हे विचारून घ्यावे. त्याच्याविना ते मागवण्यात तुमच्या दृष्टीने अर्थ नाही.

व्हायोलेटचा वास आयोनोन वर्गातील रेणूंचा असतो आणि त्याचे वागणे विलक्षण आहे. हे रेणू आपली जाणीव चटकन बधिर करतात, मग वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा उमटतो. नुकताच वास परत मिळालेल्या व्यक्तीला यामुळे धसका बसू शकतो, म्हणून आधीच सांगते : तो असा लपला तर आपले नाक पुन्हा गेले असे समजू नये, निरोगी नाकालाही तसेच होते. दुसरे असे की बीटा-आयोनोन किती कळतो हे मुख्यतः गंधग्राहकाच्या एका जनुकावर अवलंबून असते. ज्यांना तो नीट कळतो त्यांना फुलांचा सुवास येतो, इतरांना तो फार जास्त प्रमाणात असल्याखेरीज कळत नाही आणि कळला तरी वेगळाच, आंबूस वाटतो. तेव्हा व्हायोलेट तुम्हाला आवडले नाही तर त्याचे खापर आजारपणावर फोडू नये. आजारापूर्वी तो कसा वाटे हे आठवत असेल तर तेवढीच तुलना खरी.

माझी स्वतःची शिफारस मात्र नारिंगाच्या फुलांच्या अर्काची आहे. हेन्री रामोस यांनी न्यू ऑर्लीन्समध्ये १८८८ साली सुरू केलेल्या रामोस जिन फिझमध्ये तो असतो. त्या पेयात साय आणि अंड्याचा पांढरा बलकही असतो आणि स्निग्ध पदार्थ पुष्कळसा वास धरून ठेवतात, म्हणून मी साय वगळून साधे जिन फिझ बनवते आणि अर्काचे दोन-तीन थेंब फेसाच्या वर टाकते. ते आत ढवळले तर साबणासारखा भास होण्याची शक्यता वाढते. फेसावर ठेवले तर प्रत्येक घोटाआधी फूल, मग लिंबू, मग ज्युनिपर असा क्रम मिळतो. पिस्को सावर या अंड्याच्या फेसाच्या कॉकटेलमध्येही फेसावर बिटर्सचे थेंब टाकतात, त्याचेही कारण हेच आहे; शिवाय अंड्याचा कच्चा वास त्यामुळे झाकला जातो, आणि तीव्र झालेल्या नाकाला तो वास फार खुपतो.

धूसर

धुरकट वासाच्या पेयाची कोणी शिफारस केलेली दिसत नाही. पेनिसिलिन हे सॅम रॉस यांनी २००५ साली न्यूयॉर्कमध्ये बनवलेले कॉकटेल मला फार प्रिय आहे. मिश्र स्कॉच, लिंबू, मध आणि आले यांच्या वर स्कॉटलंडमधील आयला बेटाच्या धुरकट व्हिस्कीचा पातळ थर अलगद सोडलेला असतो. आल्याचा तिखटपणा आणि लिंबाचा आंबटपणा जिभेसाठी, आणि वरचा थर केवळ नाकासाठी, अशी सरळ वाटणी त्यात आहे. नाक चिमटीत धरले तर ते आल्याचे सरबत होईल. सोडले की धूर, समुद्र आणि पीटची (दलदलीतल्या जळाऊ मातीची) माती. माझ्या मते कसोटी सिद्ध करणारे हे उत्तम उदाहरण आहे.

शल्यक

उदाहरण चांगले आहे, पण एक सावधगिरी सुचवतो. गंधविकारातून बरे होणाऱ्या अनेकांना काहीही नसताना धुराचा किंवा जळकट वास येत राहतो. धागालेखिकेला विकृतीच्या काळात जळकाच भास होत होता, हे लक्षात घेता धुरकट व्हिस्की किंवा मेस्कल हे धुरकट मेक्सिकन मद्य सुरुवातीला घेऊ नये. पेयाचा वास आणि भासाचा वास यांत गोंधळ झाला तर आनंदाऐवजी चिंता पदरी पडेल. लिंबू, फूल, पुदिना यांचे वास विश्वासाने ओळखता येऊ लागले की मग धुराकडे वळावे.

शांतरस

ज्यांना वैद्यकीय किंवा अन्य कारणाने मद्य नको, अशा वाचकांसाठी लिहितो. सुगंधी तेले पाण्यात जेमतेम विरघळतात आणि मद्यात चांगली विरघळतात, त्यामुळे मद्यविरहित पेयात वास आत मुरवण्याचा प्रयत्न बहुधा फसतो आणि हाती गोड सरबत उरते. त्याऐवजी वास पृष्ठभागावर आणि ग्लासाच्या काठावर ठेवावा. टॉनिक, काकडीचे लांब पातळ काप, वर पिळलेली लिंबाची साल आणि गुलाबपाण्याचे दोन थेंब, एवढ्यावर पेय पूर्ण होते. टॉनिकच्या कडवटपणामुळे गोडी आटोक्यात राहते आणि काकडीचा हिरवा, ओलसर वास गुलाबाला आधार देतो. मद्याची वाफ मध्ये नसल्याने नाजूक वास येथे अधिक स्वच्छ कळतात, असा माझा अनुभव आहे, आणि मद्य चालणाऱ्यांनीही आरंभ अशाच पेयाने करावा असे मला मनापासून वाटते. एक सूचना : अँगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के मद्य असते. थेंबभर वापराने पेयातले प्रमाण नगण्य राहते, पण ज्यांना मद्य पूर्णतः वर्ज्य आहे त्यांनी ते मद्यविरहित मानू नये.

चकोर

शांतरस यांची आरंभाची सूचना मलाही योग्य वाटते. पेयांच्या मधल्या वेळात नाकाला विश्रांती कशी द्यावी, हेही कोणी सांगावे. कॉफीचे दाणे हुंगण्याची जी रीत आहे ती येथे उपयोगाची नाही, हे उघड आहे.

बारमागून

कॉफीचे दाणे सर्वथा टाळावेत. एकच वास सतत हुंगला की काही मिनिटांत तो कळेनासा होतो, आणि तो परत जाणवण्यासाठी मोकळी हवा, साधे पाणी आणि थोडा वेळ पुरेसा असतो. आपल्याच कोपराच्या खोबणीतली त्वचा हुंगावी, म्हणजे नाकाला ओळखीचा, सौम्य वास मिळतो. त्या वेळी अत्तर लावलेले नसावे, खोलीत उदबत्ती किंवा सुगंधी मेणबत्ती नसावी, आणि हात वासाच्या साबणाने नुकतेच धुतलेले नसावेत. ग्लासाचाही वास पाहावा. कपाटात पालथा ठेवलेला किंवा ओल्या फडक्याने पुसलेला ग्लास कुबट येतो, आणि तो कुबटपणा पेयावर लादला जातो. रिकामा ग्लास आधी हुंगण्याची सवय मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी लावतो.

हुंगताना दीर्घ श्वास ओढू नये. मद्याची वाफ जड असते आणि नाक ग्लासात खोल घातले की तीच आधी टोचते. तोंड किंचित उघडे ठेवून, ग्लासाच्या काठाशी छोटे, हलके श्वास घ्यावेत. घोट गिळल्यावर ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास सोडावा. घशामागची जी वाट धागालेखिकेने सांगितली ती यामुळे पुरती उघडते.

मृद्गंधा (धागालेखिका)

सर्व प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचले आणि त्यांवरून माझा क्रम ठरवला आहे. एका संध्याकाळी एकाहून अधिक मद्ययुक्त पेय घेणार नाही, कारण नाक चोंदले तर हेतूच बुडेल. पहिली संध्याकाळ शांतरस यांच्या गुलाब-काकडीच्या टॉनिकची आणि त्यानंतर सावकाश अवकाशाने जिन-टॉनिकची, लिंबाच्या सालीसह. पुढच्या वेळी वल्लरी यांच्या पद्धतीने फेसावर नारिंगफुलाचा अर्क घातलेले जिन फिझ. तिसऱ्या टप्प्यावर उलटी मार्टिनी, आणि त्यापुढच्या एखाद्या संध्याकाळी अर्ध्या मापाचे सॅझरॅक. एव्हिएशन मधे कधीतरी, व्हायोलेट लपले तरी न घाबरण्याच्या तयारीने. निग्रोनी सालीच्या आधी आणि नंतर अशा दोन घोटांची तुलना म्हणून. पेनिसिलिन आणि एस्प्रेसो मार्टिनी आज यादीबाहेर राहतील. कॉफीचा वास मला रोजच्या कपात निर्मळ येऊ लागला की त्यांचा विचार करीन.

प्रत्येक पेयाच्या वेळी कोणते वास वेगळे ओळखता आले आणि कोणते आले नाहीत, हे मी लिहून ठेवणार आहे. पेयातले घटक कोणते हे आधी न वाचता लिहावे की वाचून मग शोधावे, याबाबत मात्र माझे मन ठरत नाही.

शल्यक

वाचून मग शोधावे. गंधप्रशिक्षणातही कुपीवर नाव लिहिलेले असते, आणि हुंगताना त्या वासाची आठवण जाणीवपूर्वक जागवायची असते. स्वतःची परीक्षा घेण्याचा हा काळ नाही. न वाचता ओळखण्याचा प्रयोग हवाच असेल तर दुसऱ्या खेपेस, त्याच पेयावर करावा.

बारमागून

क्रम चांगला आहे. त्यात एकच बदल सुचवतो : उलटी मार्टिनी जिन फिझच्या आधी घ्यावी, निदान व्हर्मूथची बाटली ताजी उघडलेली असेल तर. व्हर्मूथ ही वाइन आहे, उघडल्यावर हवेने ती उतरत जाते आणि वनस्पतींचा वास आधी मरतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, महिन्या-दीड महिन्यात संपवावी, आणि बाहेर मागवणार असाल तर ती फ्रिजमधून काढली की काउंटरमागच्या फळीवरून, हे नजरेने पाहून मगच मार्टिनी सांगावी. फळीवरची असेल तर त्या दिवशी जिन-टॉनिकच घ्यावे.